खुराड्याचें दार कोणीं लावायचें?

(शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या सभेंत केलेलें भाषण)



सभा म्हटली कीं भाषण मोठ्या विषयावर व्हावें, अशी आपली रीत आहे. कर्जावर बोलावें, शिक्षणावर बोलावें, शेतमालाच्या भावावर बोलावें. पण कोंबडीवर काय बोलायचें? असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं आज घरीं गेल्यावर एवढेंच विचारावें कीं, मागल्या सहा महिन्यांत पोरांच्या वह्या कोठून आल्या, म्हातारीचें औषध कोठून आलें, आणि अवेळीं आलेल्या पाहुण्यापुढें ताट कोठून आलें. पुष्कळ घरांत उत्तर एकच मिळेल. अंडीं विकलीं, नाहींतर एखादी तलंग विकली, त्यांतून आलें.

शेत ज्याच्या नांवाचा सातबारा त्याचें. बैल घरधन्याचे. ऊस कारखान्याला जातो, आणि सोसायटीचें कर्ज वळतें झाल्यावर उरेल तें आपलें. या सगळ्यांत घरच्या बाईच्या मुठींत रोकड म्हणून जें पडतें तें कोंबडीचें. ज्या कारागिराला गुंठाभर जमीन नाहीं, ज्याच्या दावणीला जनावर नाहीं, त्याच्याही परसांत चार कोंबड्या असतात. सरकारनें २०१९ सालीं देशांतल्या पशुधनाची मोजणी केली. तींत परसांत पाळलेले कोंबड्या-बदकांसारखे पक्षी ३१ कोटी ७० लाख भरले. आधींच्या २०१२ सालच्या मोजणीपेक्षां सुमारें ४६ टक्के अधिक. एवढें हें धन गरिबाच्या घरचें आहे, आणि त्याला कडीकुलूप मात्र सर्वांत कमी आहे.

आतां एक कोंबडी गेली म्हणजे काय गेलें, याचा हिशेब करूं. आपली देशी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडीं घालते. त्यांतलीं १२ अंडीं तिच्याखालीं ठेवलीं, ती २१ दिवस बसली, आणि ९ पिलें निघालीं असें धरा. त्यांतलीं ६ जगलीं असें धरा. म्हणजे मृगाच्या तोंडावर जी कोंबडी कोल्ह्यानें नेली, तिच्याबरोबर दिवाळीपुढें विकायला येणारे सहा पक्षी गेले, आणि उरलेलीं अंडीं गेलीं तीं वेगळींच. तुमच्या बाजाराचा भाव घाला आणि बेरीज तुम्हीच करा. ती बेरीज जितकी होईल तितकी रक्कम घरांतून चोरीला गेली असती, तर आपण पोलीसपाटलाकडे गेलों असतों. कोंबडी गेली म्हणजे मात्र आपण म्हणतों, "नशीब!"

बंधूंनो, हें नशीब नव्हे. हें उघडें भोंक आहे.

खुराड्याला दार कां नाहीं?

आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला आणि झोपा केला. झोपा म्हणजे गोठ्याचें कवाड. बैल गेल्यावर तरी आपण झोपा करतों. कोंबड्या गेल्यावर तेंही करीत नाहीं. बैलासाठीं गोठा बांधतों, वर पत्रा घालतों. कोंबडीला मात्र फुटकी पाटी आणि वर एक दगड! घरांत बाई सांगते, खुराड्याला जाळी आणा. धनी म्हणतो, पुढच्या बाजारीं बघूं. पुढचा बाजार येतो तोंवर मुंगूस येऊन जातें. मग तोच धनी सकाळीं बाईवर ओरडतो, "तुझें लक्ष कोठें होतें?" तिचें लक्ष होतें, जाळीला पैसा नव्हता. ज्याच्या हातीं पैसा होता त्याचें लक्ष नव्हतें. आजच्या भाषणांत मला मुख्य सांगायचें तें हेंच, आणि तें पुरुषमंडळींना सांगायचें आहे.

पिसें पाहा, माणसें पाहूं नका

सकाळीं खुराड्यांत चार कोंबड्या मेलेल्या दिसल्या कीं गांवांत तीन गोष्टी होतात. पहिली, शेजारणीला शिव्या. तिनें दृष्ट लावली, तिच्या बोक्यानें खाल्ल्या, तिच्या पोरानें चोरल्या. दुसरी, देवऋष्याकडे फेरी. तो अंगारा देतो आणि एक कोंबडें मागतो. म्हणजे चार कोल्ह्यानें नेल्या आणि पांचवी देवऋष्यानें! कोल्हा तरी रात्रीं चोरून नेतो. येथें आपण ती आपल्या हातानें पोंचवितों. तिसरी गोष्ट म्हणजे विष. तिच्याकडे मी मागाहून येईन.

या तिन्ही गोष्टींच्या आधीं एक साधी गोष्ट करा. खाली वाकून पाहा. प्रत्येक चोर आपली खूण ठेवून जातो.

पुष्कळ कोंबड्या एकदम मेलेल्या, अंग फाडलेलें, इकडेतिकडे टाकलेल्या, पण खाल्लेल्या नाहींत, असें दिसलें तर तें काम बहुधा कुत्र्याचें. कुत्रें पुष्कळदां भुकेनें मारीत नाहीं, पळणारें कांहीं दिसलें कीं धरतें. कोल्हा आणि रानमांजर आख्खी कोंबडी उचलून नेतात. मागें पिसांची एक ओळ कुंपणाकडे, उसाकडे किंवा ओढ्याकडे जाते. त्या ओळीमागून गेलां तर चोर कोणत्या वाटेनें येतो तें कळतें. मानेवर किंवा डोक्यावर चावा, आणि मारलेल्या पांच-सहांपैकीं एखादीच अर्धवट खाल्लेली, अशा खुणा असतील तर मुंगसाचा संशय घ्या. मुंगूस हें दिवसाचें जनावर. बाया शेतांत गेल्या, घर निवांत झालें, कीं त्याची फेरी होते. रात्रीं पहारा करून मुंगूस सांपडणार नाहीं.

कौल सरकलेलें, खुराड्याला खालीं कोठें भोंक नाहीं, तरी कोंबडी गेली. तर वरून उतरणाऱ्या उदमांजराचा विचार करा. तें रात्रीं झाडावरून, आढ्यावरून फिरतें. लहान पिलें रात्रींतून एक-एक कमी होतात, भिंतीच्या पायथ्याशीं ताजी उकरलेली माती दिसते, तर घूस. अंडें आख्खें गेलें, टरफलाचा तुकडाही नाहीं. तर साप किंवा घोरपड. अंड्याचें टरफल कुरतडलेलें असेल तर उंदीर. दिवसाढवळ्या अंगणांतून पिलूं नाहींसें झालें तर घार, शिक्रा किंवा कावळा. टरफलाचे तुकडे खुराड्यांतच आणि एखाद्या कोंबडीच्या चोंचीला पिवळा बलक लागलेला. तर चोर घरचाच! कांहीं कोंबड्यांना स्वतःचीं अंडीं खाण्याची खोड लागते. अशा वेळीं अंडीं लवकर उचला, घालण्याची जागा अंधारी करा, आणि दाण्याबरोबर शिंपल्याचा चुरा द्या, म्हणजे टरफल टणक होतें.

आणि एकही पीस नाहीं, रक्ताचा थेंब नाहीं, कडी नीट उघडलेली, आणि सगळ्या कोंबड्या एका रात्रींत गेल्या, तर तो चोर दोन पायांचा आहे. त्याला मात्र कुलूपच पाहिजे.

मारूं नका, भोंक बुजवा

आतां विषाकडे येतों. मेलेल्या कोंबडीच्या मांसांत शेताचें औषध घालून तें कुंपणाला ठेवायचें, अशी वाईट चाल कांहीं ठिकाणीं आहे. ज्याला खेड्यांत थिमेट म्हणतात त्या फोरेटवर सरकारनें ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली. तरी कोनाड्यांत जुनी पुडी पडलेली असते. हें विष कोल्हा ओळखून खात नाहीं आणि कुत्रा ओळखून टाळीत नाहीं. राखणीचा कुत्रा मरतो, मांजर मरतें, विष खाल्लेलें कुत्रें फाडणारा कावळा मरतो, आणि हात न धुतां भाकरी खाणारें पोर दवाखान्यांत जातें. कुंपणाच्या तारेंत वीज सोडणारे तर याहून मोठा गुन्हा करतात. त्या तारेला कोल्हा चिकटण्याआधीं पहांटे पाणी धरायला जाणारा शेजारी चिकटतो.

शिवाय कायदा आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मुंगूस, रानमांजर, घोरपड, नाग, धामण या सर्वांना संरक्षण दिलेलें आहे. घोरपड तर पहिल्या अनुसूचींत आहे. तिला मारणाराला निदान तीन आणि जास्तींत जास्त सात वर्षें कैद आहे. कोंबडी वांचविण्यासाठीं घोरपड मारली, तर वकिलाची फी सगळ्या कोंबड्या विकूनही भागणार नाहीं. कायद्याच्या चरकांत प्रथम सांपडतो तो गरीबच, हें तुम्हांला मीं सांगायला नको.

पण कायदा बाजूला ठेवा आणि नुसता स्वार्थ पाहा. धामण कधींमधीं पिलूं खाते, ही गोष्ट खरी. पण तिचें रोजचें खाणें उंदीर. धामण मारली, मुंगूस मारलें, घुबडाला दगड मारून हांकललें, म्हणजे राहिलें कोण? उंदीर आणि घूस! मग पिलें जायचीं थांबत नाहींत, उलट कणगींतलें धान्यही जाऊं लागतें. उंदीर वाढले कीं त्यांच्या मागावर नाग येतो. म्हणजे एक बिनविषारी धामण मारून आपण विषारी नागाला आमंत्रण दिलें. याचें मूळ पाहिलें तर तें आपल्याच अंगणांत असतें. संध्याकाळीं कोंबड्यांना टाकलेले दाणे रात्रभर तसेच पडून राहतात. दाण्यांवर उंदीर येतो आणि उंदरावर साप येतो. म्हणून कोंबड्या खाऊन उठल्या कीं उरलेलें झाडून घ्यावें. या उपायाला एक पैसाही लागत नाहीं.

तसेंच मेलेल्या कोंबडीचें. राणीखेतीची मर लागली कीं मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर फेंकण्याची आपल्याला संवय आहे. एकदां कुत्र्याला किंवा कोल्ह्याला तो माल उकिरड्यावर मिळाला, कीं तो दुसऱ्या रात्रीं उकिरड्यावरून खुराड्यापर्यंत येतो. आपणच त्याला वाट दाखविलेली असते. मेलेली कोंबडी हातभर खोल पुरावी, वर चुना टाकावा आणि माती दाबून दगड ठेवावा. हें एका घरानें करून भागत नाहीं. साऱ्या आळीनें केलें पाहिजे.

खुराडें कसें असावें

आतां कामाची गोष्ट. दहा कोंबड्यांना रात्रींपुरतें ४ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ३ फूट उंच खुराडें पुरतें. तें जमिनीवर ठेवूं नये. चार मेढी रोवून जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच बसवावें. प्रत्येक मेढीला मधोमध दीड फूट गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. जुन्या डब्याचा चालेल. पत्र्यावर उंदराची नखें ठरत नाहींत. खुराडें भिंतीला चिकटवूं नये आणि त्याच्यावर झाडाची फांदी येऊं देऊं नये. नाहींतर खालून बंद केलेली वाट आपण वरून उघडी ठेवली असें होईल.

जाळीविषयीं नीट ऐका, कारण पुष्कळ लोकांचा पैसा येथेंच फुकट जातो. बाजारांत सहा कोनी भोंकांची जी पातळ तारेची जाळी मिळते, तिला कोंबडीची जाळी म्हणतात. ती कोंबडीला आंत ठेवते; कुत्र्याला बाहेर ठेवीत नाहीं. कुत्रें ती दातांनीं ओढून फाडतें, आणि तिच्या भोंकांतून उंदीर नि साप सहज जातात. घ्यायची ती अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, सांधे जोडलेली, जाड तारेची जाळी. ती महाग पडते, म्हणून सगळें खुराडें जाळीचें करूं नका. बाजू फळ्यांच्या किंवा पत्र्याच्या करा, आणि हवेसाठीं वरच्या बाजूला हातभर पट्टी या जाळीची ठेवा. तळाला बांबूच्या कामट्या आणि कामट्यांखालीं तीच जाळी. जेथें लहान मुलाची मूठ जाते तेथें मुंगूस जातें, हें ध्यानांत ठेवून एकेक फट तपासा.

दिवसा कोंबड्या कुंपणांत ठेवायच्या असतील तर जाळीचा खालचा एक फूट भाग बाहेरच्या अंगाला जमिनीवर दुमडावा आणि त्यावर दगड-माती टाकावी. उकरणारें जनावर कुंपणाच्या अगदीं पायाशीं येऊन उकरूं लागतें. तेथें पंज्याखालीं जाळी लागली कीं दोनदां खरवडून तें निघून जातें. मागें हटून फूटभर लांबून उकरावें, एवढें त्याला सुचत नाहीं.

दार एकच असावें, आणि घरांतलीं माणसें निजतात त्या बाजूला तोंड असावें. नुसती कडी अडकवूं नका; कुत्रें नाकानें ढकलून ती उचलतें. कडीच्या कोयंड्यांत खुंटी घाला, म्हणजे दोन कामें झाल्याशिवाय दार उघडणार नाहीं.

हें सगळें करायला गांवांतच माणसें आहेत. सांगाडा सुतारानें करावा, कडी-कोयंडा लोहारानें द्यावा, डालगें बुरुडानें विणावें. पण बलुत्याचे दिवस आतां राहिले नाहींत, "पुढच्या सुगीला बघूं" म्हणूं नका. रोख मजुरी द्या. शेतकऱ्याची कोंबडी वांचली आणि कारागिराला दोन दिवसांचें काम मिळालें, असा दुहेरी लाभ शहरांतून तयार पिंजरा आणून होणार नाहीं.

ज्यांना एवढें खुराडें आज झेपत नाहीं, त्यांनीं उघड्यावरचें कच्चें खुराडें मोडावें आणि रात्रीं कोंबड्या घरांत, फरशीवर, डालग्याखालीं ठेवाव्या. वर जड दगड ठेवावा. उसतोडीला जातांना जीं कुटुंबें कोंबड्या बरोबर नेतात, त्यांनाही तेंच. फडाजवळच्या खोपटांत डालगें माणसांच्या उशाशीं असावें, गाडीखालीं नसावें.

पिलांची राखण

कोंबडी पिलांच्या जीवावर वाढते, आणि पिलांचा नाश पहिल्या सहा-आठ आठवड्यांत होतो. या दिवसांत आईला पिलांसह मोकळी सोडूं नका. दिवसा मोठ्या डालग्याखालीं किंवा झांकलेल्या वाड्यांत ठेवा. कोंकणांत जुनें मासेमारीचें जाळें वाड्यावर पसरावें. त्यांतून घार उतरत नाहीं. देशावर चार मेढींचा मांडव घालून त्यावर दोडका, घोसाळें किंवा वालाचा वेल चढवावा. वरून घारीला पिलूं दिसत नाहीं, उन्हाळ्यांत सावली मिळते, आणि भाजी वेगळीच. वेल चढेपर्यंत तुराट्या टाका. बुजगावणें किंवा लुकलुकणारा दिवा यांच्यावर फार भरंवसा ठेवूं नका. चार दिवस जनावर भितें, पांचव्या दिवशीं त्याला संवय होते.

तुमच्या घरीं बिनपगारी पहारेकरी आहे, त्याची भाषा शिका. तो म्हणजे कोंबडा. शास्त्रज्ञांनीं तपासून पाहिलें आहे कीं, कोंबडा सगळ्या शत्रूंना एकच हांक देत नाहीं. आकाशांत घार दिसली तर तो बारीक, लांबट आवाज काढतो. तो ऐकून कोंबड्या आडोशाला पळतात किंवा जमिनीला चिकटून बसतात. जमिनीवरून कुत्रें-मांजर आलें तर तो मोठ्यानें तुटक-तुटक ओरडतो. तेव्हां कोंबड्या मान ताठ करून चहूंकडे पाहतात. दोन्ही हांकांतला फरक अंगणांत खेळणाऱ्या पोरांना आठवडाभरांत कळूं लागतो. शाळेंतून आलेल्या पोरानें हांक ऐकून दोन टाळ्या वाजविल्या तरी पिलूं वांचतें. म्हणून कोंबडा विकतांना विचार करा. सगळेच कोंबडे यात्रेला कापले, तर पहारा कोणाचा?

अलीकडे वनराज, गिरिराज अशा सुधारलेल्या जातींचीं पिलें खेडोपाडीं येतात. वनराज हैदराबादेची आणि गिरिराज बंगळूरची. त्या अंगानें भरतात आणि अंडींही जास्त देतात, याबद्दल तक्रार नाहीं. पण अंग जड असल्यामुळें त्या देशी कोंबडीसारख्या उडून फांदीवर बसत नाहींत, आणि अंड्यांवर बसून पिलें वाढविण्याचें कामही सहसा करीत नाहींत. आईवांचून वाढलेल्या पिलाला घारीची हांक कोण शिकविणार? तेव्हां सुधारलेली जात घ्यायची असेल तर आधीं खुराडें, मग पिलें. आणि घरांत दोन-तीन देशी खुडूक कोंबड्या राखाव्याच.

वेळ सांभाळा

आपण कोंबड्या सकाळीं फार लवकर सोडतों. उजाडतां-उजाडतां कोल्हा आणि रानमांजर अजून फिरतीवर असतात. सूर्य चांगला वर येऊं द्या, माणसांची वर्दळ सुरू होऊं द्या, मग दार उघडा. संध्याकाळीं उलट करा. दिवेलागणीच्या आधीं मोजून दार लावा. मोजल्याशिवाय लावलेलें दार हें अर्धें दार आहे. एखादी झाडावर राहिली, एखादी गवतांत अंडें घालून बसली, तर ती रात्रीं सांपडत नाहीं; सकाळीं तिचीं पिसें सांपडतात. अंधारांत कोंबडीला धड दिसत नाहीं, ती बसल्या जागेवरून हलत नाहीं, म्हणून रात्रीं ती फार सोपी शिकार होते. कोंबडें झांकलें म्हणून उजाडायचें राहत नाहीं, असें म्हणतात. मी म्हणतों, कोंबडें झांकायचें राहिलें तर उजाडल्यावर कोंबडें राहत नाहीं!

उसाच्या मुलखांत आणखी एक काळ जपावा. फड तुटायला लागले कीं आंत लपलेलीं जनावरें बाहेर पडतात आणि वस्तीकडे सरकतात. त्या महिन्यांत दुप्पट काळजी घ्या. जुन्नरसारख्या भागांत तर उसांत बिबट्या राहतो. रात्रीं कोंबड्यांचा कालवा झाला म्हणून दार उघडून एकटें बाहेर धांवूं नका. आंतून आरडाओरड करा, बत्ती लावा, डबा वाजवा, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकाला फोन करा. कोंबडी दुसरी मिळेल. माणूस दुसरा मिळत नाहीं.

भगिनींनो, हें तुमच्यासाठीं. अंधाऱ्या खुराड्यांत अंडीं काढायला हात घालूं नका. उबेला आणि अंड्याला नाग येतो. आधीं बत्ती मारा, काठीनें पेंढा हलवा, मग हात घाला. दंश झालाच तर मंत्र उतरवायला नेऊं नका, जखम कापूं नका, घट्ट दोरी आवळूं नका. १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गांठा. सर्पविषावरची लस तेथें असते; देवऋष्याच्या झोळींत नसते.

शेवटचें मागणें

मंडळी, मीं सांगितलेल्या उपायांत कांहीं गुपित नाहीं. झाडून घेणें, पुरून टाकणें, मोजून दार लावणें, एवढें घरची बाई आजही करते. तिला करतां येत नाहीं तें एकच. जाळी, पत्रा आणि सुताराची मजुरी. तो पैसा घरधन्याच्या खिशांत आहे. अंड्यांचा पैसा घरांत येतो तेव्हां तो सगळ्यांचा. मग खुराड्याचा खर्च एकटीचा कसा?

म्हणून पुरुषमंडळींना माझें मागणें एवढेंच कीं, येत्या अमावास्येच्या आंत प्रत्येकानें आपल्या परसांतलें खुराडें स्वतः वाकून पाहावें, हातानें प्रत्येक फट चांचपावी, आणि जी मुठीएवढी असेल ती त्याच दिवशीं बुजवावी. मग सुताराला सांगावें. आणि रात्रीं जेवायला बसण्याआधीं एक दिवस बाईनें, एक दिवस आपण, अशी पाळी लावून कोंबड्या मोजाव्या. महिन्याभरांत ज्या घरांत मोजणी चुकणार नाहीं, त्या घरीं पुढच्या वर्षीं पोरांच्या वह्यांना सावकाराकडे हात पसरावा लागणार नाहीं.

दिवेलागण होत आली आहे. ज्यांच्या कोंबड्या अजून बाहेर असतील त्यांनीं आतां येथें बसूं नये. इतकें बोलून मी आपली रजा घेतों.